पोकरच्या परवानगीचा अर्ज

दोन हजार सालानंतर नाशिकभोवती हॉटेलं आणि फार्महाउस भराभर उभी राहायला लागली, त्या दिवसांत एक तरुण माझ्या ऑफिसात आला. त्याला त्र्यंबक रस्त्यावरच्या एका हॉटेलात पोकरची स्पर्धा भरवायची होती. "घरी तर आम्ही खेळतोच सर, पण घराबाहेर भरवली तर चालेल का, तेवढंच सांगा," असं तो म्हणाला.

मला हसू आलं. त्याला वाटलं मी त्याची टिंगल करतोय. मग मी चेहरा वकिलाचा केला आणि विचारलं, प्रवेश फी घेणार का? म्हणाला, हो. त्यातलं काही स्वतःकडे ठेवणार का? म्हणाला, थोडंसं. म्हटलं, मग नको. तो खट्टू होऊन गेला आणि मी कपाटातून जुगारबंदीच्या कायद्याचं जुनं पुस्तक काढलं. त्यातल्या एका पानावर चिवड्याच्या तेलाचा डाग आहे. तो माझ्या आईच्या बोटाचा आहे, आणि माझ्या आयुष्यातला पोकरचा पहिला खटला तिच्यासाठीच मी लढलो. खटला म्हणायचं आपलं, कोर्टाची पायरी कुणीच चढलं नाही.

आई देवळाली कॅम्पात वाढली. आजोबांचं तिथे शिलाईचं दुकान होतं, लष्करी गणवेश शिवायचं. शेजारी एका कॅप्टनची बायको राहायची. नवरा तोफांच्या सरावाला गेला की तिला घर खायला उठायचं, म्हणून तिने गल्लीतल्या मुलींना जमवून पोकर शिकवला. लावायला पैसे कुणाकडे होते? आजोबांच्या दुकानातली पितळी बटणं लावायची. आई सांगायची की आजोबांना बटणं कमी का पडतात हे शेवटपर्यंत कळलं नाही. लग्न होऊन ती नाशिकला आली, गंगापूर रोडला आमचा फ्लॅट झाला, आणि तिने आसपासच्या चार बायकांना हा खेळ शिकवून त्याला भिशी असं नाव दिलं. दर गुरुवारी दुपारी ही भिशी आमच्याकडे जमायची. पाच जणी, पत्त्यांचा एक कॅट, चिवड्याचं ताट आणि डब्यातली चिल्लर. भिशी कुणाला लागली हे मी कधी ऐकलं नाही, पण कुणी कुणाला कशी थाप मारली हे मात्र रात्रीच्या जेवणात दर वेळी ऐकलं. पत्ते वाईट असताना चांगले असल्याचा आव आणणं म्हणजे थाप. आई त्यात पटाईत होती. बाबांना तर ती लग्नाच्या पहिल्या दिवसापासून थापा मारत असावी.

या पाच जणींत आईची जिवलग मैत्रीण म्हणजे मावशी. सख्खी नव्हे, पण मी तिला मावशीच म्हणायचो. तिच्याइतकं वाईट पोकर अख्ख्या जिल्ह्यात कुणी खेळत नसेल. चांगले पत्ते आले की ती पदर सारखा करायची, आणि बाकीच्या चौघी लगेच पत्ते खाली टाकायच्या. वीस वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नाही आणि तिच्याही ते लक्षात आलं नाही. ती हरायची, चिडायची, "पुढच्या गुरुवारी बघते एकेकीला" म्हणायची आणि हसत हसत तीन जिने उतरून जायची.

मी नव्याने वकिली करायला लागलो त्या वर्षी मावशी अंगणात कपडे वाळत घालताना घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि तेव्हाच्या इमारतींना लिफ्ट कुठल्या?

सुरुवातीला आई गुरुवारी तिला फोन लावून रिसीव्हर टेबलावर ठेवायची. पत्ते पिसायचा आवाज तिकडे ऐकू जायचा. मावशी पलीकडून विचारायची, "कोण देतंय? कुणी धरलं?" मग काही आठवड्यांनी ती म्हणाली, "नको गं फोन लावूस. ऐकून आणखीच कसंतरी होतं." त्यानंतर आई भेटायला गेली की मावशी खिडकीशी बसलेली असायची आणि विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची. एकदा आई तिच्याकडून आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि पाठमोरी उभी राहून म्हणाली, "हाड जुळलंय रे तिचं. पण बाई संपत चाललीय. तिला एक डाव मिळाला पाहिजे."

आता कुणी म्हणेल, मग बाकीच्यांनी तिच्या घरी जाऊन खेळावं. घर छान होतं, रो हाउस, सगळं तळमजल्यावर. पण तिथे मास्तर होते. मावशीचे यजमान आधी पेठला आणि मग घोटीला हायस्कूलचे हेडमास्तर होते. निवृत्त झाले तरी रस्त्याने चालताना त्यांच्या पुढची माणसं आपोआप सरळ चालायची. "आमच्याकडे पत्ते चालत नाहीत," हे वाक्य मावशीने पहिल्याच गुरुवारी सांगून ठेवलं होतं आणि त्यावर पुन्हा चर्चा झाली नव्हती. ती भिशीला जाते एवढंच मास्तरांना माहीत. बाकी दोघी वरच्याच मजल्यांवर राहायच्या, आणि तिसरीच्या घरी दुपारी सून शिकवण्या घ्यायची. म्हणजे खेळ घराबाहेर न्यायला हवा, हे आईने ठरवून टाकलं.

"त्याला आपण स्पर्धा म्हणू," ती म्हणाली. "रांगोळीची होते, पाककृतींची होते, मग पोकरची का नको? मावशीला अध्यक्ष करू. अध्यक्ष म्हटल्यावर कशाची ते मास्तर विचारणारसुद्धा नाहीत, तिला स्वतः रिक्षात बसवून देतील."

जागाही तिने शोधली. जवळच्या एका मंगल कार्यालयाचा मालक माझा अशील होता. चातुर्मासात लग्नं नसतात, हॉल रिकामाच पडलेला. पायरी एकच, तीही बुटकी. मालक लगेच हो म्हणाला, पण आई "पत्ते" म्हणाली तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "काकू, माझं लायसन जाईल. वकीलसाहेबांना सांगा, पोलिसांकडून परवानगीचं पत्र आणा, मग हॉल तुमचाच." अशा रीतीने हे प्रकरण माझ्या गळ्यात आलं.

मी नवा वकील होतो. नव्या वकिलाला एखादा प्रश्न मिळाला की तो त्याला सोडत नाही. मी कायद्याचं पुस्तक घरी आणलं, चार रात्री वाचलं आणि गुरुवारी भिशीपुढे उभा राहून भाषण ठोकलं. घरात मैत्रिणी-मैत्रिणी खेळतात, खेळवणारा त्यातून कमाई करत नाही, तोवर त्याला कुणी अड्डा म्हणत नाही. पण जागा घराबाहेरची असली, लोकांची ये-जा असली, की सार्वजनिक ठिकाणाचा प्रश्न येतो. कौशल्याच्या खेळाला कायद्यात सूट आहे. रमी ही कौशल्याचा खेळ असल्याचं कोर्टाने मानलेलं आहे. पोकरबद्दल मात्र छातीठोकपणे कुणी काही सांगत नाही.

"कोर्टाला कौशल्य दाखवू का?" आई पुस्तकावर चिवड्याचं बोट टेकवत म्हणाली. "मावशी सोडून आम्ही चौघी कौशल्यावरच जिंकतो."

एकीने विचारलं, "पैसे न लावता चिंचोके लावले तर?"

"चिंचोक्यांवर थाप मारायला कसली छाती लागते?" आई म्हणाली. "सगळ्याच शेवटपर्यंत बसून राहतील."

"मग पापड लावू," दुसरी म्हणाली.

मी घसा खाकरून सांगितलं की किंमत असलेली कुठलीही वस्तू कायद्याला पैशासारखीच. यावर आई म्हणाली, "हिच्या हातच्या पापडांना कसली आलीय किंमत!" मग अर्धा तास पापडांवर भांडण झालं आणि माझं भाषण तिथेच संपलं. शेवटी ठरलं ते असं: चिंचोके लावायचे, फी नाही, बक्षीस नाही, आणि जी हरेल तिने सगळ्यांचा चहा करायचा. मी मान डोलावली. चहाची पावडर ज्या त्या घरची, असंही एक कलम मी तोंडी घातलं. आता आठवलं की मला माझीच कीव येते.

परवानगीचा अर्ज मी स्वतः टाइप केला. 'महिलांच्या पोकर या कौशल्यप्रधान खेळाची विनामूल्य स्पर्धा' अशी सुरुवात, खाली कायद्याचे आधार, आणि अध्यक्षा म्हणून मावशीचं नाव-पत्ता. इतका सुंदर अर्ज मी त्यानंतर जामिनासाठीसुद्धा लिहिलेला नाही. तो घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथले फौजदार घोटीकडचे, अंगाने भरलेले, बोलायला मोकळे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"वकीलसाहेब, ह्यो पोकर म्हंजे काय?"

"पत्त्यांचा खेळ आहे."

"तीनपत्तीसारखा?"

"नाही नाही. यात पाच पत्ते असतात."

"म्हंजे दोन जास्तीच," ते म्हणाले आणि मला बसायला खुर्ची दाखवली. "असं हाय साहेब. तुम्ही विचारलं नसतं, तर मला कळलं बी नसतं. पाच आयाबाया चिंचोके घेऊन बसल्या, कोण कशाला बघतंय? पण तुम्ही लेखी विचारलं. आता लेखी हो म्हणायला मला जागा नाय, अन् लेखी नाय म्हटलं की ते फायलीला लागणार. लय अवघड करून ठेवलं तुम्ही. माघारी घ्या अर्ज."

एवढं बोलताना त्यांचं लक्ष अर्जाच्या तळाशी गेलं. अध्यक्षांचं नाव त्यांनी पुटपुटत वाचलं, आडनावाशी थांबले आणि खुर्चीत जरा सावरून बसले. "ह्या रो हाउसवाल्या का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मला माझ्या अर्जाचंच दुःख इतकं होतं की या प्रश्नाकडे मी लक्ष दिलं नाही.

अर्ज मी माघारी घेतला. कार्यालयाच्या मालकाला हे कळल्यावर त्याने हॉल रंगवायला काढला. रंगकाम दिवाळीपर्यंत चालेल म्हणाला. आईने मला काही बोलून दाखवलं नाही, फक्त दोन दिवस जेवायला वरणभात वाढला, बरोबर लोणचंसुद्धा नाही. मला वाईट वाटत होतं, आणि वरणभातामुळे ते आणखी वाढत होतं. एका बाईला एक डाव मिळवून द्यायचा होता आणि मी तिला पोलीस ठाण्याच्या कागदावर चढवून परत उतरवलं, एवढीच माझी कमाई.

तिसऱ्या दिवशी मास्तरांचा निरोप आला. वकिलाला पाठवून द्या, आणि तो अर्ज घेऊन यायला सांगा.

मी अर्ज खिशात घातला. आई म्हणाली, "मी येते बरोबर," आणि पायात चपला घालून माझ्या आधी जिना उतरली. मास्तरांनीच दार उघडलं. "या वहिनी," असं आईला म्हणून मला नुसतं "बस" म्हणाले. मावशी पलीकडे खिडकीशी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, कारण काय झालंय याचा तिला अंदाज आलेला होता. मास्तरांनी हात पुढे केला, मी अर्ज दिला. ते उभ्या उभ्या वाचू लागले. मला आठवीतलं वार्षिक परीक्षेचं पेपरवाटप आठवलं.

"फौजदार माझा विद्यार्थी," ते वाचता वाचता म्हणाले. "काल घरी आला होता. सर, बाईंचा जुगाराचा अर्ज आला होता म्हणाला. कसं सांगावं कळेना त्याला." मग त्यांनी अर्जाची घडी घातली. "कायदा चांगला वाचलायस. आता मला सांग, खासगी घरात पाच बायका पत्ते खेळल्या, तर कुणाची परवानगी लागते?"

"कुणाचीच नाही," मी म्हणालो. "म्हणजे… घर ज्याचं असेल त्याची."

"हे घर कुणाचं?"

"तुमचं."

"मग अर्ज माझ्याकडे का नाही आला?"

मी आईकडे बघितलं. आईने मावशीकडे बघितलं. शेवटी मावशी म्हणाली, "तुम्हाला चालत नाही ना."

"मी कधी म्हणालो?"

"लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला. तुमचे चुलतभाऊ खेळत बसले होते, तर तुम्ही त्यांचा कॅट उचलून पेटत्या बंबात घातलात."

मास्तर खुर्चीवर बसले. "अगं, ते बायकांच्या ओवाळणीचे पैसे लावत होते. आणि मी नुकता मास्तर झालो होतो. त्या वयात मी काय वाटेल ते बंबात घातलं असतं." मग ते म्हणाले, "तेवढ्यावर तू इतकी वर्षं काढलीस?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? आम्ही काय खेळतो ते?"

"भिशीहून आलीस की संध्याकाळी भांडी लावताना तू गायचीस. शुक्रवारीसुद्धा. भिशीला जाऊन कुणी इतकं गातं का?" ते मावशीकडे न बघता बोलत होते, हातातल्या अर्जाच्या घडीकडे बघत. "मी विचारलं नाही. म्हटलं, तिला बाहेर जाऊन खेळायला बरं वाटतंय, घरात बोलावलं तर माझ्यासमोर कुणी मोकळं बसणार नाही. मग तू पडलीस. त्यानंतर या घरात कुणी गायलेलं नाही. मी वाट बघत होतो, आज म्हणेल, उद्या म्हणेल. तर तू पोलिसांकडे अर्ज केलास."

"मी नाही केला," मावशी म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती.

मास्तर उठून आत गेले आणि बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा घेऊन आले. झाकण उघडलं तर आत पत्तेच पत्ते. पेठच्या आणि घोटीच्या शाळेत पोरांच्या दप्तरांतून आयुष्यभर जप्त केलेले. "आधीच सांगतो, यातला एकही कॅट पुरा नाही," ते म्हणाले. "पोरं पकडली जाताना निम्मे पत्ते खिडकीबाहेर टाकायची. फौजदाराचे पण आहेत यात. तोच एक सगळे देऊन मोकळा झाला होता, तरी त्यात चौकटची राणी नव्हती. काल मी विचारलं, तर लाजला."

त्या गुरुवारी स्पर्धा झाली. आईने तिला स्पर्धाच म्हणायचं असा हट्ट धरला आणि मावशीला अध्यक्षांच्या खुर्चीत बसवलं. मास्तरांनी आदल्या दिवशी बसून निरनिराळ्या कॅटांमधून बावन्न पत्ते जुळवले होते. त्यांच्या पाठी इतक्या वेगवेगळ्या होत्या की दोन डावांतच सगळ्यांना कळलं, निळी जाळीवाली ती बदामची दश्शी आणि मोराची पाठ म्हणजे किलवरचा गुलाम. थाप मारायची सोयच उरली नाही. आई वैतागली. "मास्तर, हा काय पोकर? हे तर पत्ते उघडे ठेवून खेळणं झालं!" मास्तर सवयीने परीक्षेच्या हॉलमध्ये फिरावं तसे सगळ्यांच्या मागून फिरत होते. शेवटी आईने त्यांना दटावून स्वयंपाकघरात पाठवलं, तर ते तिथून सगळ्यांसाठी भजी करून घेऊन आले. मी कोपऱ्यात बसून होतो. मला कुणी कायद्यातलं काही विचारलं नाही. आईने पुढच्या आठवड्यात नवा कॅट आणला, आणि त्यानंतरची कितीतरी वर्षं भिशी त्याच घरी भरत राहिली, भांडणांसकट.

पण मला आठवते ती पहिल्या दिवसाची संध्याकाळ. मावशी सगळ्यांत आधी हरली होती. पाठी ओळखता येत असतानासुद्धा चांगला पत्ता आल्यावर तिने पदर सारखा केला होता. वॉकर धरून ओट्याशी उभी राहून तिने सगळ्यांचा चहा केला आणि "पुढच्या गुरुवारी बघते एकेकीला" असं बजावलं. आम्ही निघालो, तर मास्तर फाटकापर्यंत सोडायला आले. आई त्यांना काहीतरी विचारणार होती. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि घराकडे मान वळवली. आतून कपबशा विसळल्याचा आवाज येत होता, आणि त्यावर मावशीचा, जरा बेसूर, मोकळा.

मास्तर फाटकाच्या कडीवर हात ठेवून ऐकत उभे राहिले. आम्ही दोघंही गाणं संपेपर्यंत तिथून हललो नाही.